आक्काच्या शेतातला पाऊस

वडगाव, बेळगाव
१४ जून २०२४

चि. भरमूला आक्काचे आशीर्वाद.

तुझा फोन लागत नाही हे आता जुनं झालं. लागला तरी तू टेकडीवर चढून एवढ्या मोठ्याने बोलतोस की माझ्या घरात फोनशिवायच सगळ्यांना सगळं कळतं. म्हणून हे पत्र. जांबोटी गाडीच्या नागेंद्र कंडक्टरकडे दिलंय. त्याने वाटेत वाचलं असेल तर त्यालाही नमस्कार.

एक गोष्ट सांगायची आहे आणि हसायचं नाही. मी शेती करायला लागले आहे.

खरी नव्हे, कॉम्प्युटरातली. साडीच्या काठाची नक्षी काढायला सिद्धेशच्या बाबांनी घेतलेला तो कॉम्प्युटर आठवतो ना? ते गेले, माग विकले, डबा तेवढा राहिला. सुनेने, नीलमने, त्यात एक गेम घालून दिला. म्हणाली, "आत्ती, दुपारभर भिंतीकडं बघत बसतासा, त्यापेक्षा ह्ये बघा." त्यात आपल्याला शेत मिळतं, ट्रॅक्टर मिळतो, दोन गाई मिळतात. मी भात लावलंय. सकाळी देवपूजा झाली की शेतावर जाते, म्हणजे खुर्चीत बसते. गाई दूध चांगलं देतात. शेण मात्र टाकत नाहीत.

अडचण पावसाची आहे. शेतात पाऊस आला की कॉम्प्युटर बंद पडतो. चार थेंब पडले की चित्र अडखळतं, गाई जागच्या जागी थरथरतात आणि सगळा काळोख. नीलमने शेवटी सेटिंगमध्ये जाऊन पाऊसच बंद करून टाकला. आता माझ्या शेतात बारा महिने ऊन. भात येतं, पण माझ्याने बघवत नाही. जांबोटीत वाढलेली बाई मी, कोरड्या चिखलात लावणी कशी करू?

सिद्धेश म्हणतो, "आई, दसऱ्याला ह्यो डबा भंगारात, त्या जागंवर वॉशिंग मशीन." डबा गेला की शेतही गेलं, कारण ते त्याच्याच पोटात आहे. दुरुस्ती करायची म्हणजे पैसे, आणि माझी पेन्शन चहापावडरीला पुरते. दसऱ्याच्या आत माझ्या शेतात पाऊस पडला तर सिद्धेशला काही सांगायला मला तोंड राहील. मला ते शेत हवंय रे. हे मी दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही.

तुझी आक्का


जांबोटी
२६ जून

ती. आक्काला भरमूचा नमस्कार.

हसलो नाही. भावकू हसला, त्याला कट्ट्यावरून उठवला. कडोलीच्या साहित्य संमेलनाला एकदा जाऊन आल्यापासून गावात कुणाचंही पत्र आलं की ते आपणच वाचून दाखवायचं असा त्याचा समज झालाय. त्यामुळे तुझं शेत आता सगळ्या गावाला माहीत आहे.

पण आक्का, पाऊस बंद करून भात? खोटं शेत झालं म्हणून काय वाटेल ते करायचं? इथे मृगापासून सूर्य दिसलेला नाही, कपडे चुलीवर वाळतायत, आणि माझी सख्खी बहीण वडगावात उन्हात भात लावते. मला झोप लागली नाही. तरव्याच्या रोपांना पाणी कुठलं धरलंस? बांध घातलेस की नाही? पाऊसच नाही तर बांध कशाला, असं म्हणशील. पण सवय मोडू नये.

गाईंचं मी मनुबाईला सांगितलं. ती म्हणाली, "वन्संस्नी सांगा, पोट धरलंय त्येंचं. सुंठ-गूळ चारा." मी म्हटलं, अगं, त्या गाई काचेच्या आत आहेत. तर म्हणते, "आत असल्या म्हणून काय झालं, पोट न्हाय व्हय त्यास्नी?" म्हणून सुंठ पाठवलीय.

नागेंद्रच्या गाडीत तांदळाचं एक पोतंही टाकलंय. माझ्याकडे पैसे नाहीत, तांदूळ आहे. कॉम्प्युटर दुरुस्त करणारी माणसं भात खात असतीलच.

भरमू


वडगाव
१० जुलै

चि. भरमूला आशीर्वाद.

पोतं पोचलं. नागेंद्रने गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबवली आणि गाडीतल्या सगळ्या लोकांनी मला विचारलं, "पाऊस आला काय?" तू काय काय सांगून ठेवलंयस?

आमच्या गल्लीच्या टोकाला ओमकारचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्याकडे डबा रिक्षातून नेला. त्याने बघितला, मग मला बघितलं. "मावशी, ह्यात गेम? ह्यो चालू हुतोय ह्येच लई झालं. नवीन घ्या." मी म्हटलं, नवीन घ्यायचा असता तर तुझ्याकडे कशाला आले असते? तेव्हा त्याने झाकण उघडलं.

भरमू, आत कापूस होता. मागाजवळ इतकी वर्षं बसलेला डबा, सगळी तूस त्याने पोटात भरून ठेवली होती. पंखा तर दिसतच नव्हता. ओमकार म्हणाला, "मावशी, ह्यो कॉम्प्युटर न्हाय, उशी हाय." तो फुंकून उडवणार होता, मी पिशवीत भरून घेतला. घरी येऊन वाती वळल्या. देवापुढे चांगल्या जळतात. सिद्धेश म्हणाला, आई, तू आता कॉम्प्युटर जाळायला लागलीस.

मग ओमकारने रॅम म्हणून एक पट्टी बसवली. मला त्याने मागाच्या भाषेत समजावलं: विणताना हाताशी जितक्या सुताने भरलेल्या कांड्या ठेवता येतील तितकी ती पट्टी मोठी. कुणीतरी टाकून दिलेल्या कॉम्प्युटरमधली होती. तिच्या बदल्यात त्याच्या आईने, मालुबाईने, तुझा तांदूळ ठेवून घेतला. भात करून बघितला आणि दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला की आणखी काही बिघडलं तर अवश्य या.

आता गाई थरथरत नाहीत. पण पाऊस अजून सोसत नाही. ढग येतात, काळोख करतात, पहिली सर आली की डबा बंद. ओमकार म्हणतो पाऊस काढायला वेगळं कार्ड लागतं, ग्राफिक्स कार्ड. एक जुनं त्याच्या खणात पडून आहे. एवढ्याला मात्र तांदूळ पुरणार नाही, असं मालुबाई स्वतःच म्हणाली.

ओहोळाकडच्या शेतात भात पिवळं पडायला लागलंय. काय करू ते कळव.

तुझी आक्का


जांबोटी
२४ जुलै

ती. आक्काला नमस्कार.

तुझं पत्र वाचून गावाने बैठक घेतली आणि तुझ्या शेतासाठी धोंडी काढायची ठरली. मी नको म्हटलं. पण रिकामी माणसं, लावणी झालेली, ऐकतात कुठे?

तर परवा आम्ही निघालो. डोक्यावर लिंबाचा पाला बांधलेला, हातात छत्र्या, वरून नुसतं ओतत होतं, गुडघाभर पाण्यातून घरोघर पाऊस मागत फिरलो. राजाबाईने दार उघडलं आणि म्हणाली, "अजून किती पायजे रं?" मी म्हटलं, आमच्यासाठी न्हाय, वडगावला पायजे. "मग वडगावला जावा की!" म्हणाली. पण रीत म्हणून तिने आमच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं. ओतलेलं कुठलं आणि पडलेलं कुठलं, देवालाही कळलं नसेल. भावकू सर्दीने आडवा आहे. तुझ्याकडे काही पडलं काय ते लगेच कळव.

आता एक विचारायचं आहे. तू ओहोळाकडचं शेत असं लिहिलंस. ओहोळाकडचं शेत आपलं आहे, इथलं. आप्पांचं. ते तुझ्या कॉम्प्युटरात कसं गेलं? भावकू अंथरुणातून म्हणाला, "नाव लावलं न्हवं? आज तिथं लावलं, उद्या खानापुरात लावंल." मी त्याला गप्प केलं. पण रात्रभर तेच डोक्यात.

खानापूरला कागद झालेला आहे, आक्का. तुझी सही आहे. हे आपलं सहज लिहिलं.

भरमू


जांबोटी
१६ ऑगस्ट

श्रीमती चंपाबाई यांस,

आपलं उत्तर नाही. नागेंद्र रोज रिकाम्या हाताने येतो आणि गाडीतली माणसं मला पावसाचं विचारतात.

आपण आपल्या शेताचं नाव बदलावं ही विनंती. दुसरी पुष्कळ नावं आहेत. वडाचं शेत म्हणा, टेकडीखालचं म्हणा. यातलं कोणतंही घेतलं तर आमची हरकत नाही.

कळावे. (वरचं भावकूने सांगितलं तसं लिहिलं. मला 'आपण' लिहिताना कसंतरीच झालं.)

भरमू


वडगाव
२८ ऑगस्ट

भरमू,

मला श्रीमती लिहिलंस. तू माझ्या कडेवर असताना आपल्या आईने मला तुझ्यासकट मारलेलं आहे, आणि तू मला श्रीमती लिहितोस.

तर ऐक. गेमने विचारलं की शेताला नाव काय द्यायचं. मी विचार केला नाही, हाताने आपोआप लिहिलं. मला एकच शेत माहीत आहे. लहानपणी त्याच्या बांधावर बसून मी खेकडे धरले, त्याच्या चिखलात माझं पैंजण गेलं, ते अजून तिथेच असेल. दुसरं नाव मी कुठून आणू? वडाचं शेत मला कुणाचं आहे ते माहीत नाही.

आणि कागदाचं तू काढलंस म्हणून मी काढते. आप्पा गेल्यावर तू मला खानापूरला बोलावलंस. ऑफिसात टेबलावर कागद होता. भावकूने बोट ठेवलं, तिथे मी सही केली. हक्क सोडला. सगळ्या बहिणी सोडतात, मीही सोडला, माहेर राहावं म्हणून. बाहेर आल्यावर तू मला साडी दिलीस आणि आपण भजी खाल्ली.

ती साडी मी घरी येऊन उलगडली. भरमू, ती माझ्या मागावरची होती. बेळगावच्या बाजारात गेलेली, तिथून तू विकत आणलेली. आमच्या धाकट्या मागाला पदराजवळ एक धागा सोडायची खोड होती, ती खूण तिच्यात होती. शेत देऊन मला मीच विणलेली साडी मिळाली. मी तेव्हा हसले. यांना सांगितलं तर हे हसले नाहीत.

ती साडी मी एकदाही नेसले नाही. गेल्या आठवड्यात ट्रंकेतून काढली आणि मालुबाईकडे नेली. ओमकारचं लग्न ठरतंय, तिला पाच चांगल्या साड्या हव्यात. तिने काठावरून हात फिरवला आणि लगेच खणातलं कार्ड माझ्या हातात ठेवलं. मी विचार केला, ज्यासाठी मिळाली होती त्यालाच लागली.

कार्ड बसलं. पण आता डब्याला वीज पुरत नाही. आतला विजेचा डबा, एसएमपीएस, मोठा घालावा लागेल. माझ्याकडे द्यायला आता काही उरलेलं नाही. दसरा जवळ आला. सिद्धेश जागा मोजून गेला.

राग आलाय, म्हणून आशीर्वाद लिहीत नाही. मनातून आहेत.

चंपा


जांबोटी
९ सप्टेंबर

आक्का,

दुकानदाराने ती बनारसची म्हणून दिली होती. मी बनारसचे पैसे मोजले होते. एवढंच सांगायचं आहे.

साडी गेली ते मला लागलं. पण पाऊस विजेसाठी अडकलाय हे त्याहून लागलं. गवे शेतात येऊ नयेत म्हणून कुंपणाला लावलेलं झटका मशीन सोडवून बॅटरीसकट नागेंद्रबरोबर पाठवतोय. त्याच्या झटक्याने गवा मागे फिरतो, तर कॉम्प्युटर नक्की चालेल. वायरला हात लावू नको. नागेंद्रने लावला होता, तो आता लांबून बोलतो.

भरमू


वडगाव
१५ ऑक्टोबर

चि. भरमूला अनेक आशीर्वाद.

यायचंच होतं तर दिवस तरी बघून यायचास. खंडेनवमीला आलास! आमच्याकडे माग होते तेव्हा मागाची पूजा व्हायची, आता माग नाहीत म्हणून कॉम्प्युटरची मांडली होती. हळदीकुंकू, झेंडू, पुढे नारळ, त्याच्याच पोटातल्या कापसाची वात. नीलम म्हणाली, मामा एवढ्या लांबून आलेत, लावूया. तर तूच ओरडलास, "पूजंला बसीवल्याला हात लावू नगंस! दसऱ्याशिवाय हत्यार उचलायचं न्हाय." मग काळ्या काचेसमोर संध्याकाळपर्यंत बसून राहिलास. ना तू शेताचं बोललास, ना मी. सकाळच्या पहिल्या गाडीने गेलास, कारण झटका मशीन इकडे आणि गवे तिकडे. माझ्या शेतासाठी तू तुझं शेत उघडं टाकलंस, हे मला तू गेल्यावर उमगलं.

तुझं मशीन कॉम्प्युटरला लावता येत नाही, हे ओमकारने दुरूनच सांगितलं. पण त्याच्या गच्चीवर माकडं फार येतात. मशीन त्याने ठेवून घेतलं आणि नवमीच्या आदल्या दिवशी एसएमपीएस घालून दिला. माकडं आता आमच्या गच्चीवर येतात.

दसऱ्याला सोनं वाटून झालं आणि सिद्धेश मोजपट्टी घेऊन आला. वॉशिंग मशीन दारात टेम्पोत उभं होतं. मी म्हटलं, एकदा लावू दे, मग ने. नीलमने सेटिंगमध्ये जाऊन पाऊस चालू केला.

भरमू, पडला रे. आधी लांबवर काळं झालं, मग ओहोळाच्या बाजूने सर आली, आणि डबा बंद पडला नाही. भातावर पडला, बांधावर पडला, गाईंच्या पाठी भिजल्या. टेम्पोवाला आत येऊन उभा राहिला. मी रडले, लाज वाटली नाही. सिद्धेश मोजपट्टी हातात धरून खाली बसला आणि म्हणाला, "आई, गाई आत घे की. भिजाल्यात." वॉशिंग मशीन मोरीत बसवलंय. दार उघडत नाही नीट, पण चालतंय.

आता पुढचं ऐक. तुझं नाव घालावं म्हणून मी नीलमला सांगितलं. तेव्हा पडद्यावर अक्षरं आली. नीलमने वाचून दाखवलं: या शेतात आणखी एका माणसाला घ्यायचं आहे का? मालकीत वाटा द्यायचा, की कामाला ठेवायचं? तुमची परवानगी आहे का?

मी ते तिला परत वाचायला लावलं. माझ्या सत्तरीला आलेल्या जन्मात शेताच्या बाबतीत मला पहिल्यांदा कुणी तरी विचारलं. कापूस भरलेल्या डब्याने विचारलं.

मी तुला कामाला ठेवलंय. ट्रॅक्टर चालवायची परवानगी दिली आहे, गाई विकायची नाही. वाट्याचं मी अजून काही दाबलेलं नाही. तो प्रश्न तसाच ठेवलाय.

तुझी आक्का


जांबोटी
८ नोव्हेंबर

ती. आक्काला नमस्कार.

कामाला ठेवलंस ते बरं केलंस. भावकू म्हणाला हा अपमान आहे, त्यालाही कामाला ठेवायला सांग, म्हणजे गप्प बसेल. सुगी आटोपली की येतो. ट्रॅक्टर मी कधी चालवलेला नाही, पण काचेच्या आतला आहे, फार तर काच फुटेल.

गवे येऊन गेले. ओहोळाकडच्या कोपऱ्यातलं भात खाल्लं, बाकीचं कापून झालं. त्या कोपऱ्यात चिखल उकरताना तुझं पैंजण सापडतं का बघितलं. नाही सापडलं. दोन वेळा बघितलं.

सोमवारी खानापूरला जाऊन आलो. मनुबाईलाही आल्यावर सांगितलं. ऑफिसात विचारलं की सोडलेलं नाव परत लावायचं तर काय करावं लागतं. तिथल्या साहेबांनी कागद काढून ठेवला आणि कन्नडमध्ये विचारलं, "याके?" कशासाठी? लोक नाव काढायला येतात, लावायला कुणी येत नाही म्हणे. मी म्हटलं, आक्काच्या शेतात पाऊस पडला. त्यांनी खिडकीतून बाहेरच्या उन्हाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि खुर्ची पुढे केली.

आपल्या दोघांना यावं लागेल म्हणाले. तुझी सही लागेल. मी त्यांना हो म्हणालो नाही. म्हटलं, आधी आक्काला विचारतो.

तर विचारतोय. येतेस काय?

तुझा कामाचा माणूस,
भरमू